दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येते

सकाळचे सव्वाअकरा. आमचं रोजचं स्टँड-अप चालू होतं. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, एवढं तीन वाक्यांत सांगायचं आणि माइक बंद करायचा. माझी पाळी यायला दोघं जण होते आणि फोन वाजला. अनोळखी नंबर, बेंगळुरूचा. मी उचलला आणि समोरच्या बाईंनी "आर यू लुकिंग फॉर अ चेंज?" म्हणायच्या आत म्हणून टाकलं, "आई, मीटिंगमध्ये आहे गं. अर्ध्या तासाने करते."

पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या बाई अगदी मायेने म्हणाल्या, "ओके बेटा."

म्हणजे असं उत्तर देणारी मी पहिली नव्हते. हिंजवडीपासून खराडीपर्यंत रोज सकाळी किती जण आपापल्या 'आई'ला अर्ध्या तासाने फोन करत असतील, याचा मी तेव्हापासून विचार करते.

मी नोकरी शोधत नव्हते. मी 'बघत' होते. शोधणाऱ्याला घाई असते, बघणाऱ्याला नसते. माझ्याकडे नोकरी होती, पगार महिनाअखेरीस न चुकता येत होता, टीम चांगली होती. तरीही कुणी विचारलं तर ऐकून घ्यायचं, एवढंच. गेली चार वर्षं मी हे 'एवढंच' करतेय. त्याने माझं काय कमावलं आणि काय गेलं, ते आता कुठे कळायला लागलंय.

सुरुवात पैशांवरूनच झाली. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजातून इंजिनिअरिंग करून मी कॅम्पसमधूनच एका मोठ्या कंपनीत लागले. पॅकेज ३.३६ लाख. हातात चोवीसेक हजार यायचे, त्यातले साडेसात वाकडच्या पीजीला जायचे. दोन वर्षांनी ८ टक्के पगारवाढ मिळाली तेव्हा मी मिरजेला पेढे पाठवले होते. पुढच्याच महिन्यात आमच्या टीममध्ये एक मुलगा बाहेरून आला. माझ्याच वर्षी पास झालेला, तंत्रज्ञान तेच, अनुभव तेवढाच. त्याला कामाची सगळी माहिती, म्हणजे आमच्या भाषेत केटी, मीच दिली. तिसऱ्या आठवड्यात चहा पिताना त्याने सहज पगार सांगितला. साडेसात लाख. माझ्या दुप्पट. तोही त्याने तक्रारीच्या सुरात सांगितला.

त्या दिवशी मला एक साधा हिशोब कळला, जो कॉलेजात कुणी शिकवत नाही. कंपनीत असलेल्या माणसाचा पगार टक्क्यांनी वाढतो आणि बाहेरून येणाऱ्याचा पगार बाजार ठरवतो. या दोन पैशांच्या पिशव्याच वेगळ्या असतात. पगारवाढीची पिशवी वर्षातून एकदा उघडते आणि ती सगळ्या टीमला पुरवायची असते. भरतीची पिशवी जागा रिकामी झाली की उघडते आणि जागा लवकर भरायची घाई असते. तुमचा मॅनेजर कितीही चांगला असला तरी त्याच्या हातात पहिलीच पिशवी असते. २०२१ मध्ये तर आयटीत माणसांची नुसती ओढाताण चालली होती. सप्टेंबरमध्ये मी साडेआठ लाखांवर स्विच केलं. आईने फोनवर दोनदा विचारलं, "महिन्याचे का वर्षाचे?"

तेव्हापासून बघण्याची सवय लागली. नोकरी डॉट कॉम १९९७ ची, म्हणजे माझ्याच वयाची. तिथलं प्रोफाइल रोज सकाळी थोडं अपडेट केलं की भरती करणाऱ्यांच्या यादीत आपण वर येतो, असा आमच्या पिढीचा ठाम समज आहे. त्यामुळे मी चहाचं आधण ठेवते आणि प्रोफाइलमधला एक पूर्णविराम काढते. दुसऱ्या दिवशी तोच परत घालते. ही माझी प्रातःसंध्या. चालू कंपनीला आपलं प्रोफाइल दिसू नये म्हणून तिचं नाव ब्लॉक करायची सोय असते, ती पहिल्या दिवशीच वापरायची. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क'ची हिरवी गोल चौकट फोटोभोवती लावता येते, पण ती नोकरी गेलेल्यांसाठी. आमच्यासारख्यांसाठी दुसरा पर्याय असतो, फक्त रिक्रूटरना दिसेल असा. तो निवडताना लिंक्डइन सांगतं की तुमच्या कंपनीच्या रिक्रूटरना हे दिसू नये अशी काळजी आम्ही घेतो, पण पूर्ण खात्री देता येत नाही. ती ओळ वाचून मी एक रात्र नीट झोपले नव्हते. मग सवय झाली.

आईला मात्र हा प्रकार पटत नाही. तिच्या मते नोकरी असताना नोकरी बघणं म्हणजे लग्न झाल्यावर स्थळं बघणं. "बायोडेटा फिरतोच आहे का अजून तुझा?" असं ती विचारते तेव्हा तिला कुठला बायोडेटा म्हणायचा आहे, हे मला दरवेळी स्पष्ट करून घ्यावं लागतं. कारण दोन फिरतायत. गंमत म्हणजे एचआरच्या शेवटच्या राउंडलाही हे दोन्ही बायोडेटा एकत्र येतात. "येत्या वर्ष-दोन वर्षांत काही पर्सनल प्लॅन्स?" असं गोड आवाजात विचारतात. माझ्याबरोबर मुलाखती देणाऱ्या एकाही मित्राला हा प्रश्न आलेला नाही. मी पहिल्या वेळी प्रामाणिक उत्तर दिलं, "घरचे बघतायत." त्या कंपनीचा परत फोन आला नाही. कारण तेच होतं असं मी म्हणू शकत नाही. पण आता मी "नथिंग अ‍ॅज सच" म्हणते.

बघण्यातली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे नव्वद दिवस. आमच्याकडच्या बऱ्याच कंपन्यांत नोटीस पिरियड तीन महिन्यांचा असतो. राजीनामा दिला, म्हणजे आमच्या भाषेत पेपर टाकले, की तिथून तीन महिने तिथेच काम करायचं. घेणाऱ्या कंपनीला माणूस महिन्याभरात हवा असतो. त्यामुळे पहिल्या फोनवरचा तिसरा प्रश्न हाच असतो, आणि "नाइंटी डेज" म्हटलं की पलीकडचा उत्साह भजी गार व्हावी तसा गार होतो. यातून एक चमत्कारिक साखळी तयार झालीय. एक ऑफर हातात घेऊन लोक पेपर टाकतात. मग 'नोटीसवर आहे' म्हटल्यावर बाजारात त्यांचा भाव वाढतो, म्हणून त्या तीन महिन्यांत दुसरी ऑफर मिळवतात, मग तिसरी. शेवटी एकाच ठिकाणी रुजू होतात. बाकीच्या कंपन्या ठरलेल्या सोमवारी लॅपटॉप तयार ठेवून वाट बघत बसतात. मग त्याही शहाण्या होतात आणि एका जागेसाठी दोघांना ऑफर देऊन ठेवतात. दोघंही आले तर एकाला ऐनवेळी "पोझिशन होल्डवर गेली" म्हणून कळवतात. प्रत्येक जण दुसऱ्याने फसवू नये म्हणून आधी फसवतो. याला कुणी एक माणूस जबाबदार नाही, आणि मीही यातून बाहेर नाही.

खोटं बोलणं यातूनच येतं. मुलाखती कामाच्या वेळेत असतात. घरून कामाचा वार असेल तर ठीक, वर फॉर्मल शर्ट आणि खाली पायजमा. ऑफिसचा वार असेल तर काहीतरी कारण लागतं. बँकेचं काम आता फोनवर होतं. गावाकडचे पाहुणे वरचेवर येत नाहीत. माझं आवडतं कारण होतं दात. दातांना बरं असतं, एक भेट पुरत नाही. तपासणी, एक्स-रे, साफसफाई, परत बोलावलंय. कुणी दात उघडून दाखव म्हणत नाही.

हे कारण मी ज्याला सांगायचे तो आमचा टीम लीड. वयाने चाळिशी ओलांडलेला, त्या कंपनीत तेरा वर्षं काढलेला. सगळे त्याला दादा म्हणायचे, पण बोलणं अरे-तुरेचंच. आमचं काम म्हणजे दुकानदारांना रोजच्या कार्ड पेमेंटचे पैसे रात्रीच्या बॅचमध्ये वळते करणारी प्रणाली. ती त्याने जवळजवळ जन्मापासून सांभाळली होती. कुठल्या फाइलमध्ये २०१४ साली कुणी काय जुगाड करून ठेवलाय हे फक्त त्याला माहीत. रात्री दोनला बॅच अडकली की तो फोनवर डोळे मिटूनच सांगायचा, "चौथी स्टेप बघ, तिथे लॉक असेल." असायचं. मला जे काही येतं त्यातलं अर्धं त्याने शिकवलंय, आणि शिकवताना कधी आवाज चढवला नाही.

२०२३ च्या जूनमध्ये त्याने मला विचारलं, हिशोब जुळवणीचं नवीन मॉड्यूल पहिल्यापासून उभं करायचंय, डिझाइन तू करशील का? वर्षभराचं काम होतं. मी त्या आठवड्यात दोन ठिकाणी तिसऱ्या राउंडला होते. वर्षभराने आपण इथे असू कुठे, असं मनात आलं. मी म्हणाले, "सध्याच्याच कामात बरीच अडकलेय रे." त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग कॉफीच्या मशिनपाशी हळूच विचारलं, "काय गं, बघतेयस का कुठे?"

"छे," मी म्हणाले. "उगाच काय."

त्या दोन्ही कंपन्यांचं काही झालं नाही. मॉड्यूल दुसऱ्या मुलाकडे गेलं.

२०२४ च्या जानेवारीत एका मंगळवारी सकाळी दादाला एका मीटिंगचं बोलावणं आलं. विषयाच्या जागी नुसतं 'कनेक्ट' लिहिलेलं. पंचवीस मिनिटांनी तो परत आला, बॅगेत पाण्याची बाटली आणि मुलीने केलेलं भेटकार्ड भरलं, आणि लॅपटॉप टेबलावरच ठेवला. त्याचा लॉगिन तोवर बंद झाला होता. आमच्या मजल्यावरून त्या दिवशी अकरा जण गेले. रात्री बॅच अडकली. सवयीने मी त्याचा नंबर काढला, आणि मग फोन खाली ठेवला.

बारा-तेरा दिवसांनी त्याचाच मेसेज आला. "रिझ्युमे कसा करतात आजकाल? मदत करशील?"

वाकडच्या पुलाजवळच्या एका उडुपी हॉटेलात आम्ही बसलो. त्याने त्याचा जुना रिझ्युमे आणला होता. २०१० चा. त्यात वडिलांचं नाव, जन्मतारीख, छंद म्हणून 'वाचन व क्रिकेट', आणि खाली 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' असं इंग्रजीत लिहून सही. मला हसू आलं आणि लगेच घसा दाटून आला. मी लॅपटॉप उघडला आणि विचारलं, "तेरा वर्षांत काय काय केलंस, सांग."

तो बराच वेळ सांबारात चमचा फिरवत बसला. मग म्हणाला, "सगळंच करत होतो गं. पण म्हणजे काय करत होतो?"

ज्या माणसाला रात्री दोन वाजता डोळे मिटून चौथी स्टेप सांगता यायची, त्याला स्वतःच्या कामाच्या चार ओळी सांगता येईनात. मग मीच सांगायला लागले. बॅचला सहा तास लागायचे ते तू दोन तासांवर आणलेस. नोटाबंदीच्या वेळी कार्डांचे व्यवहार एकदम वाढले तेव्हा तू सलग तीन रात्री ऑफिसात झोपलास, ही गोष्ट तूच सांगितलीयस, तर त्या वेळी नेमकं काय बदललंस? किती जणांना तयार केलंस? तो आठवून आठवून आकडे देत गेला. तीन तासांत दोन पानं झाली. ती वाचून तो म्हणाला, "हा माणूस बरा दिसतोय. मी घेतला असता याला."

तेव्हा मी सांगून टाकलं. म्हटलं, दादा, जूनमध्ये तू विचारलंस तेव्हा मी बघत होते. खोटं बोलले.

"माहीत होतं की," तो म्हणाला. "एवढे कुणाचे दात किडतात?"

मी हसले. तो हसला नाही. म्हणाला, "एक सांगतो, राग मानू नकोस. त्या वर्षी सीनियरसाठी दोन नावं द्यायची होती. तुझं द्यायचं मनात होतं. दिलं नाही. वाटलं, ही जाणारच आहे, तर जो राहणार आहे त्याला देऊ. आता राहणाराही राहिला नाही आणि देणाराही राहिला नाही. पण त्या वेळी तसं केलं."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मला वाटत होतं की बघणं फुकट असतं. आपण फक्त कान उघडे ठेवतो, त्याने कुणाचं काय जातं? पण त्या खोट्याचे पैसे मी भरले होते आणि मला पावतीही मिळाली नव्हती. आणि समोर जो बसला होता तो कधीच कुठे बघायला गेला नव्हता. त्यानेही पैसे भरले होते, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. त्याला पाच महिन्यांनी नोकरी लागली, आधीपेक्षा कमी पगारावर.

दुसरी पावती मला गेल्या वर्षी मिळाली. एका चांगल्या कंपनीच्या मुलाखतीत समोरच्या माणसाने शांतपणे विचारलं, "पहिल्यापासून शेवटपर्यंत तुम्ही स्वतः उभं केलेलं असं काय आहे?" मी बोलायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की काही नाही. सहा वर्षांत मी पुष्कळ दुरुस्त्या केल्या, पुष्कळ गोष्टी जोडल्या. पण लांबचं काम दरवेळी नाकारलं, कारण दरवेळी माझा एक पाय दाराबाहेर होता. इतकी वर्षं बघत राहिल्यामुळे बघायला येणाऱ्याला दाखवण्यासारखंच काही उरलं नव्हतं. त्या रात्री मी प्रोफाइलमधला पूर्णविराम बदलला नाही.

तरी बघणं थांबवलं नाही. जानेवारीत दादाचं झालं ते विसरता येत नाही. या जानेवारीत एका कंपनीचे पाचही राउंड पार पडले आणि त्यांनी कागदपत्रं मागितली. दहावीचं मूळ मार्कशीट मिरजेला होतं. संक्रांतीला गेले तेव्हा अण्णांनी गोदरेजच्या कपाटातून त्यांची फाइल काढून दिली.

माझे वडील पोस्टात होते. १९८८ ला लागले, २०२४ ला निवृत्त झाले. ३६ वर्षं, एकच खातं. माझ्या मनात त्यांचं एक चित्र पक्कं होतं, खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस. माझ्या स्विचबद्दल ते कधी काही बोलले नाहीत, पण त्यांच्या न बोलण्यात मला नेहमी थोडी नापसंती ऐकू यायची. त्या फाइलमध्ये माझ्या मार्कशीटच्या खाली एक पिवळा पडलेला कागद होता. बीएसआरबी, म्हणजे तेव्हाचं बँक भरतीचं मंडळ. मुलाखतीचं बोलावणं, डिसेंबर १९९६.

"अण्णा, हे काय?"

त्यांनी चष्मा लावून बघितलं. "बँकेची लेखी दिली होती. पास झालो होतो."

"पोस्टात असताना?"

"मग? कोल्हापूरला सेंटर होतं. पोटात दुखतंय म्हणून रजा टाकली होती." आणि हे सांगताना माझे वडील चक्क लाजले.

मी विचारलं, मग गेला का नाहीत? म्हणाले, आईला चौथा महिना होता, नेमणूक कुठे मिळेल ते माहीत नव्हतं, आजी घरात एकटी. नाही गेलो. मी म्हटलं, पगार जास्त होता ना बँकेत? म्हणाले, होता. मग तीळगूळ तोंडात टाकून म्हणाले, "पण ते पत्र ठेवलं. काउंटरवर कधी साहेब तोडून बोलला, कधी कंटाळा आला, की ते पत्र आठवायचं. आपल्याला बोलावलं होतं, आपण गेलो नाही. कुठेच कुणी बोलावलं नाही म्हणून बसून राहिलेला माणूस निराळा."

ते त्यांनी मला उपदेश म्हणून सांगितलं नाही. लगेच टीव्हीचा आवाज वाढवला. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "बघा, बापलेक सारखेच. मला आज कळतंय."

जानेवारीच्या शेवटी ऑफर आली. साडेएकोणीस लाख. माझे सध्या चौदा आहेत. उत्तर द्यायला पाच दिवस. मी वहीत दोन रकाने पाडले. एकीकडे महिन्याला हातात पडणारे तीसेक हजार जास्त. दुसरीकडे ग्रॅच्युइटी. कायद्याप्रमाणे माझ्यासारख्या कायम नोकरदारांना ती पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर मिळते, आणि माझी चार वर्षं पाच महिने झालीयत. चार वर्षं २४० दिवसही चालतात असं कुणीकुणी सांगतं, पण आमच्या एचआरने पूर्ण पाच असं लेखी कळवलंय. हिशोब सोपा असतो. शेवटचं बेसिक गुणिले १५ भागिले २६, गुणिले वर्षं. माझं बेसिक ५२ हजार, म्हणजे वर्षाला ३० हजार, पाच वर्षांचे दीड लाख. आपण सीटीसी म्हणून जो आकडा मिरवतो त्यात बऱ्याचदा हीसुद्धा धरलेली असते, आणि पाच वर्षांच्या आत स्विच करणाऱ्यांना ती कधीच दिसत नाही. पण खरं सांगायचं तर नव्या पगाराच्या फरकात हे दीड लाख पाच महिन्यांत निघाले असते. हिशोबाने जायलाच हवं होतं.

दुसऱ्या रकान्यात आणखी एक ओळ होती. दादाची ती जुनी प्रणाली, रात्रीच्या बॅचसकट, आता क्लाउडवर हलवायची आहे. दोन वर्षांचं काम. नवीन मॅनेजरने डिसेंबरमध्ये मला विचारलं होतं आणि मी सवयीप्रमाणे "बघते" म्हटलं होतं.

मी दादाला फोन केला. म्हटलं, काय करू? तो म्हणाला, "मला विचारू नकोस. मी थांबलो ते चूक म्हणावं तर तुम्हाला शिकवण्यात मजा आली, आणि बरोबर म्हणावं तर बघतेसच. मात्र ती चौथी स्टेप हलवणार असाल तर मला फोन कर. तिथे एक गोम आहे."

चौथ्या दिवशी मी ऑफर नाकारली. रिक्रूटरला वाटलं मी भाव वाढवतेय, तिने वीस लाख म्हटलं. मी खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, "ओके, बट प्लीज कीप इन टच," आणि फोन ठेवला. मग मी मॅनेजरकडे गेले. ती ऑफर दाखवून पगार वाढवून घेणारे असतात, मी ते केलं नाही, कारण मग जाण्याची धमकी खरी असावी लागते. मी एवढंच म्हटलं की हे काम मला हवंय, दोन वर्षं मी इथे आहे असं धरा, पण डिझाइनवर माझं नाव पाहिजे आणि सीनियरसाठीही. आणि हेही म्हटलं की माझं प्रोफाइल बंद होणार नाही. तो जरा चपापला. मग म्हणाला, "दोन वर्षं कंपनी तुला ठेवेल असं मीही लिहून देऊ शकत नाही. त्यामुळे फिट्टंफाट."

महिन्याला तीसेक हजार म्हणजे थोडी रक्कम नाही. पगाराच्या दिवशी ती मला आठवते. मी बरोबर केलं का, ते दोन वर्षांनी कळेल, कदाचित तेव्हाही कळणार नाही. सध्या मी वर्षाला दोन मुलाखती देते, त्याही ज्या कामाबद्दल खरंच उत्सुकता आहे त्याच. दर तीन महिन्यांनी रिझ्युमे उघडते आणि त्यात लिहिण्यासारखं काही झालं का ते बघते. काही झालं नसेल तर दोष कंपनीचा की माझा, याचा विचार करते. दादाही तसंच करतो. त्याची फाइल मला येते, नाव असतं 'रिझ्युमे फायनल ६'. छंदांमधला क्रिकेट त्याने अजून काढलेला नाही.

आणि गेल्या महिन्यात माझी उजवीकडची दाढ खरोखर दुखायला लागली. रात्रभर लवंग धरून बसले होते. सकाळी मॅनेजरला मेसेज केला, "दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येते, अर्धा दिवस."

दोन मिनिटांनी उत्तर आलं. "ऑल द बेस्ट. कुठली कंपनी?"

मी त्याला एक्स-रेचा फोटो पाठवला. रूट कॅनॉल निघालं. तीन भेटी लागल्या.